बिल रॅडोविच : एका गार्डचा खटला आणि अमेरिकन फुटबॉलचा कायदा

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारा, झेलणारा आणि घेऊन धावणारा अशा मोजक्या खेळाडूंची नावे लोकांना माहीत असतात, कारण त्यांनी काय केले ते आकड्यांत मांडता येते. गार्डचे तसे नसते. चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या डाव्या-उजव्या हाताला दोन गार्ड खाली वाकून उभे असतात, एक हात जमिनीला टेकलेला असतो, आणि चेंडू हलताक्षणी त्यांनी समोरच्या माणसाला अंगाच्या जोराने बाजूला सारायचे असते. १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या रचनांमध्ये त्यांच्याकडून याहून अवघड काम घेतले जाई. गार्डने झटक्यात रांगेतून मागे निघायचे, रांगेला समांतर धावत कडेला पोहोचायचे आणि पाठोपाठ चेंडू घेऊन येणाऱ्या आपल्या सोबत्यासाठी वाट मोकळी करायची. ती वाट नीट मोकळी झाली, तर मिळालेले यार्ड धावणाऱ्याच्या नावावर लागत आणि गार्डच्या खात्यात काहीच जमा होत नसे. शिवाय त्या काळी बहुधा तोच खेळाडू बचावासाठीही मैदानात थांबत असे.

बिल रॅडोविच हा असा एक गार्ड होता. त्याचा जन्म १९१५ मध्ये शिकागोत झाला, महाविद्यालयीन फुटबॉल तो युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाकडून खेळला, आणि १९३८ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगमधल्या डेट्रॉइट लायन्स या संघात दाखल झाला. व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्याचे एकंदर सात मोसम झाले. आज त्याचे नाव फुटबॉलच्या चाहत्यांपेक्षा कायद्याच्या विद्यार्थ्यांना अधिक ठाऊक आहे, कारण २५ फेब्रुवारी १९५७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रॅडोविच विरुद्ध नॅशनल फुटबॉल लीग’ या खटल्यात दिलेल्या निर्णयामुळे व्यावसायिक फुटबॉल देशाच्या मक्तेदारीविरोधी कायद्याखाली आला. खेळाडू आपल्या मर्जीने संघ बदलू शकतो का, बदलला तर त्याला शिक्षा करण्याचा अधिकार कोणाला, आणि लीग हा एक धंदा आहे की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या अनेक धंद्यांची युती, या प्रश्नांवर पुढे अमेरिकेत जी न्यायालयीन लढाई झाली, तिची सुरुवात या माणसाच्या तक्रारीपासून होते. म्हणूनच त्याची कारकीर्द आणि तिच्यामागचा कायदा ही दोन्ही एकत्र समजून घेतली पाहिजेत.

लायन्सकडून तो १९३८ ते १९४१ असे सलग चार मोसम खेळला. त्यांपैकी शेवटच्या दोन मोसमांत त्याच्या संघात बायरन व्हाइट नावाचा, चेंडू घेऊन धावणारा खेळाडू होता, जो १९४० मध्ये संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक यार्ड धावला. लायन्सच्या रांगेतले गार्ड ज्याच्यासाठी वाट मोकळी करत होते तो हाच व्हाइट पुढे १९६२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. रॅडोविचच्या खटल्याचा निकाल त्याआधी पाच वर्षे लागलेला होता, त्यामुळे त्या निकालाशी व्हाइटचा काहीही संबंध आला नाही. तरीही एकाच संघातून एक जण सर्वोच्च न्यायालयाच्या आसनावर पोहोचावा आणि दुसरा त्याच न्यायालयात दाद मागणारा म्हणून पोहोचावा, हा योग नोंद घेण्यासारखा आहे.

महायुद्धात रॅडोविच नौदलात गेला आणि १९४५ च्या मोसमासाठी लायन्समध्ये परतला. दरम्यान कॅलिफोर्नियात त्याचे वडील आजारी पडले होते. १९४६ मध्ये त्याने आपली बदली लॉस एंजेलिसला करावी अशी विनंती केली, आणि ती अशक्य कोटीतली मुळीच नव्हती, कारण क्लीव्हलँडचा रॅम्स हा संघ नेमका त्याच वर्षाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसला हलला होता. लायन्सचे मालक फ्रेड मँडेल यांनी नकार दिला. खेळायचे तर डेट्रॉइटकडूनच, नाहीतर कुठेच नाही, असे आपल्याला सुनावण्यात आले, असे रॅडोविच नंतर सांगत असे.

एका मालकाचा नकार इतका निर्णायक का ठरत होता, हे त्या काळच्या कराराकडे पाहिल्यावर कळते. लीगमधल्या सर्व संघांचा करार एकाच छापाचा होता. त्यावर सही करणारा खेळाडू आपल्या संघाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कोणत्याही संघाकडून खेळणार नाही अशी अट त्यात होती, लीगची घटना आणि पोटनियम हे त्या कराराचाच भाग मानले जात होते, आणि दुसऱ्याच्या खेळाडूशी परस्पर बोलणी करण्यास संघांना मनाई होती. वर्षाच्या अखेरीस करार वाढवण्याचा हक्कही संघाकडेच असे. म्हणजे खेळाडूची मुदत कागदोपत्री वर्षाची दिसली, तरी त्याच्या श्रमाला लीगमध्ये प्रत्यक्षात एकच गिऱ्हाईक उरत होते. गिऱ्हाईक एकच असले की भाव तेच ठरवते, आणि आजारी वडिलांसारख्या कारणाला त्या व्यवहारात किंमत उरत नाही.

१९४६ मध्ये मात्र दुसरे गिऱ्हाईक बाजारात आले. ‘शिकागो ट्रिब्यून’चे क्रीडा संपादक आर्च वॉर्ड यांच्या पुढाकाराने ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स ही आठ संघांची प्रतिस्पर्धी लीग सुरू झाली आणि तिने जुन्या लीगचे खेळाडू चढ्या पगारावर घ्यायला सुरुवात केली. तिचा लॉस एंजेलिस डॉन्स हा संघ रॅडोविचच्या वडिलांच्याच गावात होता. रॅडोविचने लायन्सशी असलेला करार मोडला आणि १९४६ व १९४७ चे मोसम डॉन्सकडून खेळला. करार मोडला ही वस्तुस्थिती आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. करार मोडणाऱ्याविरुद्ध लायन्सला न्यायालयात जाता आले असते. पण नॅशनल फुटबॉल लीगने वेगळा मार्ग धरला होता. नव्या लीगमध्ये जाणाऱ्या खेळाडूला पाच वर्षे परत घ्यायचे नाही, असे तिने ठरवून टाकले होते.

या बंदीचा खरा फटका रॅडोविचला १९४८ मध्ये बसला. सॅन फ्रान्सिस्को क्लिपर्स या संघाने त्याला खेळाडू-प्रशिक्षक म्हणून बोलावले. हा संघ पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये खेळत असे. ही लहान लीग होती, नॅशनल फुटबॉल लीगशी ती स्पर्धा करत नव्हती, मात्र तिच्याशी संलग्न होती. रॅडोविच काळ्या यादीत आहे आणि त्याला घेणाऱ्या संलग्न संघाला जबर दंड भोगावा लागेल, असे मोठ्या लीगने कळवले, आणि क्लिपर्सने त्याला कोणत्याही कामासाठी घ्यायला नकार दिला. ज्या संघाशी त्याचा वाद होता तो डेट्रॉइटमध्ये, नोकरी देऊ पाहणारा संघ सॅन फ्रान्सिस्कोत, आणि तिथली दारे बंद करणारा हुकूम तिसऱ्याच ठिकाणाहून आलेला! माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथे आहे. करार मोडल्याची भरपाई मागणे ही एका मालकाची आणि एका नोकराची बाब असते. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या सगळ्या मालकांनी मिळून एका माणसाला त्याच्या पेशातून हद्दपार करणे ही निराळी बाब आहे, आणि तिच्यासाठी अमेरिकेत निराळा कायदा होता.

भारतीय वाचकाला हा प्रकार फार अनोळखी वाटू नये. २००७ मध्ये इंडियन क्रिकेट लीग सुरू झाली तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने तिच्यात खेळणाऱ्यांना आपल्या सर्व स्पर्धांमधून बाहेर ठेवले होते, आणि २००९ मध्ये त्या लीगशी संबंध तोडणाऱ्यांना माफी देऊन परत घेतले होते. प्रतिस्पर्ध्याचा कणा मोडायचा तर त्याच्याकडे जाणाऱ्या खेळाडूचे भवितव्य असुरक्षित करायचे, हाच तो मार्ग.

आता कायद्याकडे वळू. १८९० च्या शर्मन कायद्याने दोन गोष्टींना मनाई केली आहे. राज्याराज्यांमधल्या व्यापारात अडथळा आणणारी संगनमते करायची नाहीत, आणि त्या व्यापाराची मक्तेदारी बळकावायची नाही. अशा संगनमताने ज्याच्या धंद्याचे किंवा मालमत्तेचे नुकसान होईल त्याला स्वतः दावा लावून नुकसानीच्या तिप्पट रक्कम मागण्याचा हक्क त्याच कायद्याने दिला होता, आणि १९१४ च्या क्लेटन कायद्याने तो आणखी व्यापक केला. तिप्पट रकमेमागचा हेतू उघड आहे. बलाढ्य संस्थांवर नजर ठेवायला सरकार एकटे पुरे पडत नाही. ज्याला झळ बसली त्यालाच न्यायालयात येण्याची उभारी मिळावी, अशी ती व्यवस्था आहे. रॅडोविचने आपले नुकसान ३५,००० डॉलर सांगितले आणि तिप्पट म्हणजे १,०५,००० डॉलर मागितले. नव्या लीगला संपवण्यासाठी जुन्या लीगने केलेल्या संगनमताचाच आपण बळी आहोत, असे त्याचे म्हणणे होते. दावा लागला १९४९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षाच्या अखेरीस ती नवी लीग बंद पडली आणि तिचे तीन संघ जुन्या लीगने सामावून घेतले त्याच वर्षी. रॅडोविच एका रेस्टॉरंटमध्ये वेटरचे काम करत असताना तिथे आलेल्या जोसेफ अलिओटो या वकिलाला त्याने आपली हकिगत ऐकवली आणि त्यातून हा दावा उभा राहिला, असे सांगितले जाते. हेच अलिओटो पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर झाले.

कागदावर इतका स्पष्ट दिसणारा दावा खालच्या दोन्ही न्यायालयांनी फेटाळला आणि त्याचे कारण होते बेसबॉल. १९२२ मध्ये बाल्टिमोरच्या एका बेसबॉल क्लबच्या दाव्यात न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिले होते की सामना ही स्थानिक घटना असते, खेळाडू त्यासाठी एका राज्यातून दुसऱ्यात जातात ही केवळ आनुषंगिक बाब आहे, त्यामुळे बेसबॉलला आंतरराज्य व्यापार म्हणता येत नाही. रेडिओचे युगही तेव्हा जेमतेम सुरू होत होते. १९५३ मध्ये जॉर्ज टूल्सन या बेसबॉलपटूने हाच मुद्दा पुन्हा नेला तेव्हा न्यायालयाने जुनाच निर्णय कायम ठेवला. तीस वर्षे हा धंदा या सवलतीच्या भरवशावर वाढला आहे, बदल हवा असेल तर तो कायदेमंडळाने करावा, एवढेच त्याने म्हटले. आता बेसबॉलला सवलत, तर फुटबॉलला का नाही? दोन्ही सांघिक खेळ, दोन्हींमध्ये लीग, दोन्हींमध्ये खेळाडू संघाला बांधलेला. खालच्या न्यायालयांनी हा सरळ अर्थ घेतला. मात्र मध्यंतरी १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुष्टियुद्धाच्या धंद्याला ही सवलत नाकारली होती, त्यामुळे बेसबॉलचा नियम सगळ्या खेळांचा आहे की एकट्या बेसबॉलचा, हा प्रश्न लटकलेला होता.

सर्वोच्च न्यायालयात रॅडोविचच्या वतीने मॅक्सवेल कीथ यांनी युक्तिवाद केला आणि अमेरिकेचे सरकारही त्याच्याच बाजूने उभे राहिले. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी लिहिला आणि त्यात त्यांनी दाखवलेला सरळपणा दुर्मीळ आहे. बेसबॉलची सवलत बेसबॉलपुरतीच आहे, ती आम्ही पुढे नेणार नाही, असे त्यांनी सांगितले. यात विसंगती दिसते हे त्यांनी मान्य केले आणि बेसबॉलचा प्रश्न आज कोऱ्या पाटीवर आमच्यासमोर आला असता तर आम्हाला शंकाच उरली नसती, असेही म्हटले. फुटबॉलच्या धंद्यात आंतरराज्य व्यवहाराचे प्रमाण मोठे आहे, एवढे त्यांना पुरेसे वाटले. एका खेळाडूची नोकरी गेल्याने जनतेचे काय बिघडले, असा लीगचा आणखी एक बचाव होता. त्यावर क्लार्क यांचे उत्तर असे की कोणते व्यवहार जनतेला घातक आहेत हे कायदेमंडळाने आधीच ठरवलेले आहे, आणि दाद मागायला आलेल्या व्यक्तीवर न्यायालयाने आपल्या पदरच्या जादा अटी लादू नयेत. रॅडोविचसारख्या एकट्या माणसाच्या दृष्टीने निकालातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींचे म्हणणेही हलके नव्हते. फ्रँकफर्टर यांनी पूर्वनिर्णयाचा मान राखण्यावर भर दिला. हार्लन आणि त्यांच्याशी सहमत असलेले ब्रेनन यांना फुटबॉल आणि बेसबॉल यांत कायद्याच्या दृष्टीने भेद करण्याजोगे काहीच आढळले नाही. तर्काच्या कसोटीवर त्यांची बाजू भक्कम आहे हे मान्य करावे लागते. परंतु एक चूक सगळ्या खेळांत पसरवून सुसंगती आणायची, की ती एका खेळापुरती थोपवून धरायची, अशी ती निवड होती, आणि बहुमताने दुसरा मार्ग पत्करला.

इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. न्यायालयाने लीगला दोषी ठरवले नव्हते. रॅडोविचचा दावा ऐकून घेण्यास पात्र आहे, त्याला आपले म्हणणे पुराव्यानिशी सिद्ध करण्याची संधी मिळाली पाहिजे, इतकेच ठरले होते. तशी सुनावणी शेवटपर्यंत झालीच नाही. प्रकरण ४२,५०० डॉलरवर आपसात मिटले आणि खेळाडूला बांधून ठेवणारी व्यवस्था कायदेशीर आहे की नाही, हा मूळ प्रश्न तेव्हा अनुत्तरितच राहिला. रॅडोविच मैदानात परतला नाही. निकालाच्या वेळी त्याने चाळिशी ओलांडली होती. चित्रपटांत त्याने छोट्या भूमिका केल्या होत्या. २००२ मध्ये त्याचे निधन झाले.

पण दार उघडे आहे एवढे कळल्यावरच मालकांची भाषा बदलली. खेळाडूंची संघटना १९५६ मध्ये स्थापन झाली होती आणि मालक तिला ओळख द्यायला तयार नव्हते. निकालानंतर लीगचे आयुक्त बर्ट बेल यांना बेसबॉलसारखी सवलत कायद्याने मिळवण्यासाठी प्रतिनिधी सभेच्या समितीपुढे जावे लागले. इमॅन्युएल सेलर यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या समितीत खेळाडूंच्या वागणुकीबद्दल प्रश्न येणार हे उघड होते, आणि १९५७ च्या उन्हाळ्यात तिच्यासमोरच बेल यांनी संघटनेला मान्यता देत असल्याचे जाहीर केले. किमान पगार ५,००० डॉलर असावा, दुखापत झालेल्याचा पगार चालू राहावा अशा खेळाडूंच्या मागण्या होत्या. आज त्या फारच माफक वाटतात, पण तेव्हा त्या मागायलाही आधार नव्हता. तो आधार एका निवृत्त गार्डच्या खटल्याने दिला.

यानंतर लीगला प्रत्येक मोठ्या पावलासाठी वॉशिंग्टनकडे जावे लागले. सर्व संघांचे दूरचित्रवाणी हक्क एकत्र विकण्याचा करार न्यायालयात अडकला, तेव्हा १९६१ मध्ये त्यासाठी खास कायदा करून घ्यावा लागला. १९६६ मध्ये अमेरिकन फुटबॉल लीग या प्रतिस्पर्धी लीगशी विलीनीकरण करताना पुन्हा तसेच घडले. त्या सवलतीसाठी लुइझियानाचे हेल बॉग्ज आणि रसेल लाँग हे कायदेमंडळातले नेते झटले, आणि त्याच राज्यातल्या न्यू ऑर्लिन्सला संघ मिळाला. बेसबॉलला यांतल्या अनेक व्यवहारांत अशी अजिजी करावी लागली नाही.

रॅडोविचचा अर्धवट राहिलेला प्रश्न पुढच्या खेळाडूंनी तडीस नेला. १९६३ मध्ये लीगने नियम केला की मुदत संपवून दुसरीकडे जाणाऱ्या खेळाडूच्या मोबदल्यात नव्या संघाने जुन्या संघाला काय द्यायचे हे आयुक्त पीट रोझेल ठरवतील. किंमत आधी ठाऊकच नसल्यामुळे फारसे कोणी अशा खेळाडूला हात लावत नसे. हा नियम जॉन मॅकी आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या खटल्यात १९७६ मध्ये बेकायदा ठरला. १९९२ मध्ये फ्रीमन मॅकनील आणि इतर खेळाडूंच्या खटल्यात मिनियापोलिसच्या ज्युरीने लीगच्या तेव्हाच्या बदली नियमांविरुद्ध कौल दिला. १९९३ मध्ये तडजोड झाली आणि करार संपलेल्या अनुभवी खेळाडूला बाजारात मोकळेपणी उतरण्याचा हक्क मिळाला. त्याच्या बदल्यात १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आली. रॅडोविच तेव्हा हयात होता.

मग आजही नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’च्या, म्हणजे संघांनी आळीपाळीने निवड करण्याच्या पद्धतीने संघांत वाटले जातात आणि संघ आपल्या एखाद्या खेळाडूला ठरावीक पगार देऊन आणखी वर्षभर रोखून ठेवू शकतो, हे कसे चालते? उत्तर कामगार कायद्यात आहे. जे निर्बंध मालकांनी परस्पर लादले, त्यांवर मक्तेदारीविरोधी कायदा चालतो. जे निर्बंध खेळाडूंच्या संघटनेशी सामूहिक वाटाघाटी करून ठरले, त्यांना न्यायालये त्या कायद्यातून बहुतांशी वगळतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘ब्राउन विरुद्ध प्रो फुटबॉल’ या खटल्यात ही सूट आणखी रुंद केली आणि वाटाघाटी फिसकटल्यावर मालकांनी एकत्रितपणे लागू केलेल्या पगारालाही संरक्षण दिले. १९४८ मधल्या रॅडोविचपाशी यांतले काहीच नव्हते. त्याच्या वतीने बोलायला संघटना नव्हती, त्याला परत न घेण्याच्या निर्णयात खेळाडूंचा आवाज नव्हता, आणि म्हणूनच त्याचा दावा थेट न्यायालयात गेला. आजच्या गार्डला हीच तक्रार मांडायची झाली, तर त्याचे वकील सर्वांत आधी संघटनेचा करार उघडतील आणि ती अट खेळाडूंनी स्वतः मान्य केली होती का, ते पाहतील.